बी-एएलएल (बी-पेशींचा रक्ताचा कर्करोग) उलटलाय, कार-टीच्या (पेशंटच्याच बदललेल्या टी-पेशींच्या उपचाराच्या) चाचणीसाठी मुंबईला बोलावलंय. जाईपर्यंत आणि परत आल्यावर सांगलीत काय सांभाळायचं?

विटा_फॅमिली_डॉक्टर

नमस्कार मंडळी. पेशंट विट्याजवळच्या गावचा, पुरुष, वय २२, वजन ५२ किलो, बॉडी सरफेस १.५ चौरस मीटर. बी-एएलएल, फिलाडेल्फिया निगेटिव्ह. मेन्टेनन्स (आजार दबून राहावा म्हणूनची औषधं) चालू असताना रिलॅप्स झाला, म्हणजे आजार परतला. मॅरोत (हाडांतल्या मगजात) ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या पेशी, ३८ टक्के होते, साल्व्हेज (रिलॅप्सनंतरच्या) केमोच्या एका राउंडनंतर ११ टक्क्यांवर आले, म्हणजे रेमिशन (आजार दिसेनासा होणं) मिळालेलं नाही. सीएसएफ (मेंदू-मणक्याभोवतीचं पाणी) स्वच्छ आहे. भावंडांत पूर्ण जुळणारा डोनर नाही. मुंबईच्या केंद्राने कार-टीच्या चाचणीत बसतो का ते पाहायला तीन आठवड्यांनी बोलावलंय.

तोवर काउंट वाढू नये म्हणून इथे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सुरू करावं, असं घरच्यांना कोणीतरी सुचवलंय. द्यावं का? पाठवताना कोणते रिपोर्ट सोबत हवेत? संमतीपत्र बरंच जाड आहे, त्यात नेमकं काय वाचायला सांगू? आणि परत आल्यावर रात्री-अपरात्री ताप घेऊन माझ्याकडेच येणार, तेव्हा मी काय करायचं आणि काय करायचं नाही?

हिमॅटो_मिरज

डॉक्टर, डेक्सा देऊ नका. निदान केंद्राला फोन केल्याशिवाय तरी अजिबात नको. तुमच्या चारही प्रश्नांत हा सगळ्यात तातडीचा आहे.

कार-टीचा कच्चा माल म्हणजे पेशंटच्याच टी-पेशी. त्या काढायच्या, त्यांत लेंटिव्हायरसच्या वाहकातून सीडी१९ (बी-पेशींवरची खूण) ओळखणारा रिसेप्टर घालायचा, सात ते दहा दिवस वाढवायच्या आणि परत द्यायच्या. स्टेरॉइडने ब्लास्ट कमी होतात तसे लिम्फोसाइटही (टी-पेशी त्यातल्याच) मरतात, आणि जे उरतात ते नीट वाढत नाहीत. हळदीचं बेणंच किडकं असलं की पुढे कितीही खत-पाणी घाला, उतारा येत नाही, तसंच हे. पेशी काढण्याआधी निदान ७२ तास स्टेरॉइड बंद हवं, काही केंद्रं आठवडा मागतात. पेग-अ‍ॅस्परॅजिनेज दिलं असेल तर साधारण चार आठवडे, इंट्राथिकल (मणक्यातून) मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर आठवडाभर अंतर ठेवतात. त्यामुळे साल्व्हेजमधलं प्रत्येक औषध, डोस आणि शेवटची तारीख एका कागदावर लिहून आजच केंद्राला पाठवा. तीन आठवड्यांनी बोलावलंय ते तारखा माहीत नसल्यामुळे असू शकतं. पेशी लवकर काढता येतील का, ते थेट विचारा. माझं मत स्पष्ट आहे: दुसरा केमोचा राउंड देऊन मग पेशी काढण्यापेक्षा आधी काढून घ्याव्यात, केमो नंतर द्यावी. प्रत्येक राउंडनंतर टी-पेशींचा दर्जा घसरतो.

दुसरी गोष्ट सीडी१९ची. ब्लास्टवर सीडी१९ आज आहे का, याचा ताजा फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा तपासणारा) रिपोर्ट हवा, निदानाच्या वेळचा चालणार नाही. मधे ब्लिनाटुमोमॅब दिलं असेल तर याला दुप्पट महत्त्व, कारण त्याचं लक्ष्यही सीडी१९च आहे आणि त्याच्या दबावाखाली सीडी१९ नसलेल्या पेशी वर येऊ शकतात.

पेशी काढल्यापासून परत देईपर्यंत तीन-चार आठवडे जातात. हा काळ फार अवघड. टिसाजेनलेक्ल्युसेल या कार-टी औषधाच्या ज्या चाचणीवर अमेरिकेत ऑगस्ट २०१७मध्ये मान्यता मिळाली, तिच्यात ९२ मुलं आणि तरुण दाखल झाले, पेशी मिळाल्या त्या ७५ जणांना. उरलेल्या १७ पैकी ७ जणांच्या पेशी नीट बनल्या नाहीत, ७ जण वाट पाहताना गेले, ३ जणांना इतर त्रासांमुळे देता आल्या नाहीत. ज्यांना मिळाल्या, त्यांच्यातल्या ८१ टक्क्यांना तीन महिन्यांत रेमिशन मिळालं. हा ८१चा आकडा घरच्यांना सांगताना ९२ आणि ७५ हेही सांगा.

या मधल्या काळात ब्रिजिंग (पेशी परत देईपर्यंतची केमो) द्यायचं ते आजार ताब्यात राहील इतकंच. रेमिशनच्या मागे लागून जबर केमो दिली, त्यात बुरशीचा संसर्ग झाला आणि पेशी तयार असून देता आल्या नाहीत, असं व्हायला नको. व्हिंक्रिस्टीन, ६-एमपी, कमी डोसचं मेथोट्रेक्सेट, काउंट फार असेल तर हायड्रॉक्सीयुरिया यांवर भागतं का ते पाहावं. पेशी काढून झाल्यावर स्टेरॉइडही वापरता येतं, फक्त परत देण्याआधी ते वेळेत थांबवायला हवं. आजाराचा भार जितका कमी, तितका पुढचा सीआरएस (कार-टीनंतर अंगात उठणारा दाह) सौम्य राहण्याची शक्यता जास्त.

अफेरेसिस_टेक_सांगली

सरांच्या म्हणण्यात पेशी काढण्याच्या बाजूची भर घालतो.

५२ किलोच्या माणसाचं रक्त किलोला ७० मिलिने साधारण ३.६ लिटर. मशिनमधून त्याच्या दुप्पट-तिप्पट, म्हणजे सात ते अकरा लिटर रक्त फिरवतात. तीन ते सहा तास लागतात. त्यातून वेगळ्या केलेल्या पेशींची पिशवी शंभर ते तीनशे मिलिची असते, लाल पेशी आणि प्लाझ्मा परत अंगात जातो. आदल्या दिवशी अ‍ॅब्सोल्यूट लिम्फोसाइट काउंट ५००च्या वर किंवा सीडी३ काउंट १५०च्या वर असावा. त्याच्या खाली असेल तर रक्त जास्त फिरवावं लागतं किंवा दुसरा दिवस लागतो. पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा मोठा दिसतो म्हणून फसू नका, त्यात ब्लास्टच निम्मे असतात. डिफरन्शियल (कोणत्या पेशी किती) हाताने बघून घ्या. आणि ब्लास्टने भरलेली पिशवी गेली तर प्रयोगशाळेत टी-पेशी वेगळ्या करण्याचं काम अवघड होतं. २०१८मध्ये नोंदवलेल्या एका प्रकरणात एकच ल्युकेमिया पेशी चुकून रिसेप्टर घेऊन बसली. तो रिसेप्टर तिच्याच सीडी१९वर झाकण होऊन बसला आणि आजार परतला.

शिरेचं आधी बघा. केमोसाठी घातलेली पिक लाइन (दंडातली बारीक नळी) या कामाला चालत नाही, ओढताना ती चिकटते आणि मशिन थांबतं. हाताच्या दोन जाड शिरा मिळाल्या तर उत्तम, नाहीतर डायलिसिससारखा कडक दोन नळ्यांचा कॅथेटर मानेतून किंवा मांडीतून घालावा लागतो. म्हणून आत्तापासून कोपराच्या शिरांतून रोज सॅम्पल काढू नका, मनगटाच्या किंवा पंजाच्या शिरा वापरा.

रक्त गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते कॅल्शियम ओढून घेतं. ओठांभोवती मुंग्या, बोटं आखडणं, मळमळ सुरू झाली की पेशंटने लगेच सांगायचं. तेव्हा वेग कमी करतात किंवा कॅल्शियम ग्लुकोनेट देतात. गप्प बसून सहन करू नये, पेटके येईपर्यंत थांबायचं कारण नाही.

रक्त किंवा प्लेटलेट द्यायची वेळ आली तर पेशी काढण्याच्या आधीच्या आठवड्यापासून इरॅडिएटेड (किरण दिलेल्या) पिशव्याच द्याव्यात, आणि पुढे पेशी देण्याआधीची फ्लुडाराबीन ही केमो झाल्यावरही. सांगली-मिरजेत रक्तपेढ्या भरपूर आहेत, पण इरॅडिएशनची सोय कुठे आहे आणि पिशवी मागवल्यापासून किती तासांत मिळते, हे आधी फोन करून लिहून ठेवा. दात्याच्या जिवंत टी-पेशी त्या पिशवीत गेल्या तर त्या पेशंटवर उलटू शकतात.

विटा_फॅमिली_डॉक्टर

डेक्सा थांबवलं. अजून सुरू केलं नव्हतं. औषधांची यादी आज रात्री मेल करतो. पेग-अ‍ॅस्परॅजिनेज १७ दिवसांपूर्वी दिलंय, म्हणजे तीन आठवड्यांची तारीख बहुतेक त्यामुळेच असणार. चाचणीतल्या पैशांचं कोणी सांगेल का? घरच्यांनी द्राक्षबाग गहाण ठेवायची तयारी केलीय.

चाचणी_समन्वयक

डॉक्टर, बाग गहाण ठेवू देऊ नका, आधी हे स्पष्ट करून घ्या की ही खरंच चाचणी आहे की मान्यता मिळालेलं औषध विकत घ्यायचंय. बोलताना दोन्हींना ‘कार-टी’च म्हणतात आणि घरच्यांचा घोळ होतो.

मान्यता मिळालेलं म्हणाल तर आयआयटी मुंबई, टाटा मेमोरियल आणि इम्युनोअ‍ॅक्ट यांनी मिळून केलेलं नेक्सकार१९. त्याला ऑक्टोबर २०२३मध्ये सीडीएससीओ या केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली, आणि एप्रिल २०२४मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते आलं. पंधरा वर्षांवरच्या, उलटलेल्या किंवा औषधाला दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी आहे. त्याच्या चाचण्यांत ६४ जण होते आणि परिणाम मोजता आला त्यांच्यातल्या ७३ टक्क्यांना फायदा दिसला. किंमत परदेशी औषधाच्या मानाने खूपच कमी, तरी चाळीस लाखांच्या आसपास, आणि दवाखान्यातलं राहणं, आयसीयू, सीआरएसवरचं टोसिलिझुमॅब बहुधा वेगळं. २०२५मध्ये आलेलं कार्टेमी लिम्फोमासाठी आहे, या पेशंटला लागू नाही.

चाचणी असेल तर गोष्ट वेगळी. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार चाचणीसाठी लागणाऱ्या गोष्टींचे पैसे सहभागी रुग्णाकडून घ्यायचे नसतात. २०१९च्या नव्या औषध आणि क्लिनिकल चाचणी नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजा चाचणीचीच ठरली तर भरपाई. पण एक फट राहते: ब्रिजिंग केमो, रक्ताच्या पिशव्या, नंतरचं आयव्हीआयजी (शिरेतून द्यायच्या तयार प्रतिपिंडांचं औषध) आणि मुंबईतलं राहणं हे ‘नेहमीचे उपचार’ म्हणून बाहेर ठेवलेलं असू शकतं. खर्चाच्या परिच्छेदात या चार गोष्टींची नावं शोधा. नसतील तर समन्वयकाकडून लेखी उत्तर घ्या.

संमतीपत्र मराठीत मागायचा हक्क आहे. सुरुवातीला सीटीआरआय या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक आणि एथिक्स कमिटीच्या मान्यतेची तारीख पाहा. तो क्रमांक सीटीआरआयच्या संकेतस्थळावर टाकला की कोणता टप्पा, किती रुग्ण, कोणाला घेतात, सगळं दिसतं. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत तीन-तीन जणांना डोस वाढवत देतात आणि मुख्य प्रश्न सुरक्षिततेचा असतो. आपला पेशंट कोणत्या डोसच्या गटात पडतो ते विचारायला लाजू नका. मग हे प्रश्न: पेशी ठरल्यापेक्षा कमी बनल्या किंवा गुणवत्तेच्या तपासणीत नापास झाल्या तर काय? पुन्हा काढणार, ठरवलेल्या अटीबाहेरचा माल एथिक्स कमिटीच्या परवानगीने देणार, की चाचणीतून बाहेर? सोडण्याआधीच्या तपासण्या ठरलेल्या असतात: जिवंत पेशींचं प्रमाण, रिसेप्टर आलेल्या टी-पेशींची टक्केवारी, एका पेशीत वाहकाच्या किती प्रती शिरल्या, जिवाणू, मायकोप्लाझ्मा, एन्डोटॉक्सिन, आणि स्वतः वाढू शकणारा विषाणू नाही ना. यांतली एक जरी चुकली तरी पिशवी अडते.

केव्हाही बाहेर पडता येतं आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत, हेही लिहिलेलं असतं. पण पेशी अंगात गेल्यावर बाहेर पडणं म्हणजे फक्त तपासण्यांना न येणं. पेशी काढून घेता येत नाहीत. हे वाक्य घरच्यांना समजावून सांगणं मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. देखरेख १५ वर्षांची असते, कारण वाहक पेशीच्या जनुकांत कायमचा बसतो. जानेवारी २०२४मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या सगळ्या औषधांवर टी-पेशींच्या नव्या कर्करोगाचा इशारा छापायला लावला. धोका कमी आहे, पण आहे.

सिस्टर_कराड

राहण्याचं मी सांगते. पेशी दिल्यावर चार आठवडे केंद्रापासून दोन तासांच्या आत राहायचं, असं बहुतेक ठिकाणी सांगतात. एफडीएने २०२५मध्ये हे दोन आठवड्यांवर आणलंय, पण आपण केंद्र म्हणेल तेच धरायचं. विट्याहून मुंबई सात-आठ तास. सातारा, कराड, सांगली, कुठूनच हे जमत नाही, त्यामुळे खोली घ्यावीच लागणार. टाटाचं प्रत्यारोपणाचं युनिट खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये आहे. नेमकं केंद्र कोणतं ते पाहून त्याच्या जवळ खोली बघा. धर्मशाळेत जागा मिळाली तरी दालनात चाळीस जणांसोबत नको, न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) शून्याकडे गेलेले असतात. वेगळी खोली, वेगळा संडास, चोवीस तास सोबत एक धडधाकट माणूस. येताना महालक्ष्मी किंवा कोयनेच्या गर्दीत बसवू नका, गाडी करा.

आता क्रम. पेशी देण्याआधी जागा करण्यासाठी फ्लुडाराबीन आणि सायक्लोफॉस्फामाइड देतात. टिसाजेनलेक्ल्युसेलच्या पद्धतीत फ्लुडाराबीन ३० मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर चार दिवस आणि सायक्लोफॉस्फामाइड ५०० दोन दिवस. १.५ सरफेसला हे रोज ४५ आणि ७५० मिलिग्रॅम होतं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर फ्लुडाराबीन कमी करावं लागतं. द्रव नायट्रोजनच्या वाफेत गोठवलेली पिशवी खाटेजवळ ३७ अंशांच्या पाण्यात वितळवतात आणि अर्ध्या तासाच्या आत देतात. ल्युकोसाइट फिल्टर लावायचा नाही, नाहीतर लाखमोलाच्या पेशी फिल्टरमध्येच अडकतील. आधी पॅरासिटामॉल आणि अ‍ॅन्टीहिस्टामिन चालतं, स्टेरॉइड नाही. गोठवायच्या द्रवामुळे खोलीत दिवसभर लसणासारखा वास येतो, घाबरू नये.

पहिल्या दोन आठवड्यांत दोन गोष्टी पाहायच्या. एक सीआरएस: ३८च्या वर ताप ही पहिली पायरी. त्यासोबत बीपी घसरलं किंवा थोडा ऑक्सिजन लागला की दुसरी. बीपी टिकवायला औषधाची ड्रिप किंवा जास्त प्रवाहाचा ऑक्सिजन लागला की तिसरी. अशी दोन औषधं किंवा व्हेंटिलेटर लागला की चौथी. टोसिलिझुमॅब ३० किलोच्या वर ८ मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे याला साधारण ४१६. गरज पडली तर आठ तासांच्या अंतराने पुन्हा. २०१२मध्ये फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड या सहा-सात वर्षांच्या मुलीवर सीआरएसमध्ये हेच औषध चाललं आणि तिथून त्याचा वापर रुळला. केंद्रात त्याचे निदान दोन डोस पेशी देण्याआधीच फ्रिजमध्ये आहेत का, हे विचारा.

दुसरं मेंदूचं. रोज दोनदा दहा गुणांची चाचणी घेतात: वर्ष, महिना, शहर, दवाखाना यांचे चार, तीन वस्तू ओळखायचे तीन, एक सूचना पाळणं, एक वाक्य लिहिणं आणि शंभरपासून दहा-दहा उलटं मोजणं, याचा एकेक. हे पेशंटच्या भाषेत घ्यायला सांगा. मुंबईत हिंदी-इंग्रजीत विचारतात, मुलगा अडखळतो आणि गुण उगाच कमी पडतात. जतकडचे बरेच पेशंट घरात कन्नड बोलतात, त्यांना शंभर-नव्वद-ऐंशी कन्नडमध्येच मोजू द्यावं. पेशी देण्याआधी एक वाक्य लिहून घेऊन भिंतीला लावा. ‘माझं नाव अमुक, मी विट्याचा’ एवढं पुरे. रोज तेच वाक्य लिहायला लावा. ताप येण्याआधीही अक्षर बिघडताना दिसू शकतं. सोबतच्या माणसाच्या हे आधी लक्षात येतं, त्याने ते लगेच नर्सला दाखवायचं.

हिमॅटो_मिरज

सिस्टरचं भिंतीवरच्या वाक्याचं अगदी बरोबर.

आता परत आल्यावरचं. डॉक्टर, ताप ३८च्या वर आणि पेशी देऊन अजून ३० दिवस झाले नसतील, तर तो सीआरएस आहे की जंतुसंसर्ग हे तुमच्या दवाखान्यात ठरवता येणार नाही, मलाही येणार नाही. दोन्ही धरूनच चालायचं. ब्लड कल्चर घ्या, तासाभरात स्यूडोमोनास झाकणारं अ‍ॅन्टिबायोटिक सुरू करा, सलाइन लावा, सोबतच केंद्राला फोन करा आणि आयसीयू असलेल्या ठिकाणी हलवा. पॅरासिटामॉल देऊन ‘सकाळी बघू’ म्हणायचं नाही. स्टेरॉइड फोनशिवाय नको. पण शुद्ध हरपत असेल, झटका आला असेल आणि फोन लागत नसेल तर जीव आधी, डेक्सा १० मिलिग्रॅम देऊन पुढे न्या. टोसिलिझुमॅब मिळालेल्या पेशंटमध्ये सीआरपी काही दिवस खोटा कमी दिसतो, त्यावर विसंबून संसर्ग नाही असं म्हणू नका. ताप थांबत नाही, फेरिटिन झपाट्याने चढतंय, फायब्रिनोजेन उतरतंय, लिव्हर एन्झाइम वाढलेत असं दिसलं तर एचएलएचसारखा (प्रतिकारशक्ती बेभान होण्याचा) प्रकार असू शकतो, तो सीआरएस शमल्यावरही येतो.

काउंट एकदा सुधारून तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा पडू शकतात. रिलॅप्स म्हणून घाबरून जाऊ नका, पण मॅरो न पाहता निष्कर्षही काढू नका. २८व्या दिवशी मॅरो आणि एमआरडी (उरलेसुरले ब्लास्ट शोधणारी तपासणी) केंद्र करेल. फ्लोने दहा हजारांत एक पेशी पकडता येते.

त्यानंतर दर महिन्याला रक्तातल्या सीडी१९ बी-पेशी मोजा. शून्य असणं चांगलं, म्हणजे कार-टी पेशी अजून कामावर आहेत. पहिल्या सहा महिन्यांत बी-पेशी परत दिसू लागल्या तर ती धोक्याची खूण, त्याच दिवशी केंद्राला कळवा. बी-पेशी नाहीत म्हणजे अ‍ॅन्टिबॉडीही नाहीत. आयजीजी (रक्तातले मुख्य प्रतिपिंड) ४००च्या खाली गेलं की आयव्हीआयजी ४०० मिलिग्रॅम प्रति किलो, म्हणजे याला महिन्याला सुमारे २० ग्रॅम. घरच्यांच्या हिशोबात हा खर्च कोणी धरत नाही, तुम्ही धरा. को-ट्रायमोक्साझोल आणि असायक्लोव्हिर निदान सहा महिने. हिपॅटायटिस बी कोअर अ‍ॅन्टिबॉडी पहिल्या दिवसाआधीच तपासा, आयव्हीआयजी दिल्यावर ती बाहेरून आलेलीही पॉझिटिव्ह दिसते. जिवंत लशी नकोत.

घरी गोठा, कडब्याची गंजी, हळद शिजवण्या-पॉलिशची धूळ, बागेतली फवारणी यांपासून सहा महिने लांब. बुरशीचे बीजाणू तिथेच असतात. आणि ‘प्रतिकारशक्ती वाढवणारा’ काढा किंवा भुकटी एकही नको.

चाचणी_समन्वयक

सर, रेमिशन मिळाल्यावर लगेच अर्धजुळत्या डोनरचं प्रत्यारोपण करायचं का? घरच्यांना आधीच सांगावं लागेल. बी-पेशी शून्य राहत असतील तर थांबावं, असं मला वाटतं.

हिमॅटो_मिरज

इथे आपलं पूर्ण जमणार नाही. ज्या पेशींत ४-१बीबीचा भाग असतो त्या जास्त काळ टिकतात, नेक्सकार१९ आणि टिसाजेनलेक्ल्युसेल त्यातलेच. लहान मुलांत त्यामुळे थांबून पाहतात. पण हा २२ वर्षांचा आहे, साल्व्हेजला दाद दिलेली नाही आणि आधी प्रत्यारोपण झालेलं नाही. याच्यासाठी मी आत्तापासूनच आई-वडील आणि भावंडांचं एचएलए (डोनर अर्धा तरी जुळतो का ती तपासणी) करून ठेवेन. २८व्या दिवशी एमआरडी निगेटिव्ह आला की दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात प्रत्यारोपणाची चर्चा सुरू. एकदा आजार पुन्हा उलटला की डोनर शोधायला वेळ उरत नाही. निर्णय अर्थात केंद्राचा.

अफेरेसिस_टेक_सांगली

एक राहिलं. पुढे कधी कोणी याची एचआयव्हीची न्यूक्लिक अ‍ॅसिड चाचणी (नॅट) केली तर ती खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. लेंटिव्हायरस वाहकाचे काही छोटे तुकडे एचआयव्हीसारखेच असतात. या वयात लग्नाआधी, विम्यासाठी, ऑपरेशनआधी तपासण्या होतातच, आणि गावात एक कागद फुटला की मुलाचं आयुष्य अवघड होईल. शंका आली तर अ‍ॅन्टिजन-अ‍ॅन्टिबॉडी चाचणी करून पाहायची. याने आयुष्यात कधीच रक्तदानही करायचं नाही. फाईलच्या पहिल्या पानावर लॅमिनेट करून मराठीत मोठ्या अक्षरात लावा: कार-टी घेतल्याची तारीख, केंद्राचा चोवीस तासांचा नंबर, इरॅडिएटेड रक्तच, स्टेरॉइड फोन करून, एचआयव्ही नॅट चालत नाही. एक प्रत पेशंटच्या पाकिटात, एक तुमच्या दवाखान्यात.

विटा_फॅमिली_डॉक्टर

केंद्राशी बोलणं झालं. चाचणीच आहे, क्रमांक सीटीआरआयवर तपासला, आणि ब्रिजिंग व आयव्हीआयजीचा खर्च चाचणीत धरलेला नाही असं लेखी आलंय. पेशी काढायची तारीख पुढच्या मंगळवारनंतर, पेग-अ‍ॅस्परॅजिनेजला चार आठवडे भरल्यावर. सीडी१९साठी ताजा मॅरो उद्या मिरजेत. आई-वडील आणि बहिणीचं एचएलएचं सॅम्पल त्याच वेळी देतो. हाताच्या शिरा आज पाहिल्या, उजव्या कोपराची चांगली आहे, तिला आता कोणी हात लावणार नाही.